स्टेशनमागची 'रिकामी' जागा

कोणी बसमध्ये असाल, कोणी भाजी निवडत असाल, कोणी भरतीच्या अभ्यासाचं पुस्तक समोर उघडं ठेवून कानात हे लावलं असेल. चालतंय. फक्त एक करा, तिकिटाचं ॲप उघडा आणि 'चांदा' टाइप करा. चांदा फोर्ट येईल, कोड सीएएफ. 'चंद्रपूर' टाकलं की दुसरंच स्टेशन, सीडी. शहर एक, स्टेशनं दोन. बल्लारपूरला जायचंय तर बल्लारपूर शोधू नका, बल्लारशाह शोधा. देसाईगंजला जायचंय तर वडसा. गावाचं नाव एक आणि फलाटावरच्या पाटीवर दुसरं, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. बाहेरचा पाहुणा अर्धा इथंच हरवतो.

तर आज स्टेशनबद्दल बोलू, पण इमारतीबद्दल नाही. इमारतीचं तुम्हाला माहीतच आहे. अमृत भारत योजनेत देशभरात स्टेशनं नवी होतायत, ६ ऑगस्ट २०२३ ला एका दिवशी ५०८ स्टेशनांचं भूमिपूजन झालं, आणि २२ मे २०२५ ला ज्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं त्यात आपलं चांदा फोर्ट होतं. छान झालं. कमान आली, रंग आला, रील्स पण आल्या. मला बोलायचंय त्या इमारतीच्या मागं आणि बाजूला जी जागा असते तिच्याबद्दल. तुम्ही रोज बघता ती. जुना गुड्स शेड, बंद पडलेली सायडिंग, दारं नसलेली क्वार्टर्स, कुंपणाची तुटकी भिंत, बाभळीची झुडपं, आणि एका कोपऱ्यात पाटी: 'ही जागा रेल्वेची आहे, अतिक्रमण करू नये.'

ही जागा गावाच्या पार मध्यात असते. बाजूला प्लॉटचा भाव विचारला तर घाम फुटतो आणि इथं मात्र शेळ्या चरतात. मग कोणालाही वाटतं, अरे, एवढी मोक्याची जागा पडून आहे, इथं काहीतरी बांधा ना! मलाही वाटतं. पण 'पडून आहे' आणि 'रिकामी आहे' हे दोन शब्द आपण फार पटकन बोलतो. आज त्या शब्दांनाच थोडं धरून ठेवणार आहे मी.

आधी आकडे. भारतीय रेल्वेकडे साधारण ४.९ लाख हेक्टर जमीन आहे. त्यातली सुमारे ६२ हजार हेक्टर रिकामी आहे, असं रेल्वे मंत्रालयानं संसदेत वेळोवेळी सांगितलंय. आता ६२ हजार हेक्टर ऐकून डोळ्यासमोर मोठमोठी मैदानं आणू नका. यातली बरीचशी जमीन म्हणजे रुळांच्या कडेनं गेलेल्या लांबच लांब चिंचोळ्या पट्ट्या. तिथं ना घर बांधता येतं ना दुकान, रुळांच्या देखभालीला मात्र ती लागते. खरी किमतीची जागा थोडी, आणि ती नेमकी स्टेशनच्या अवतीभवती. ती व्यापारी वापराला देण्यासाठी रेल्वेनं वेगळं प्राधिकरण केलंय, रेल भूमी विकास प्राधिकरण, लोक त्याला आरएलडीए म्हणतात. ते जमीन विकत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देतं. ही मुदत ९९ वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आज तुम्ही विशीत असाल तर त्या करारावरची शेवटची तारीख तुमच्या नातवंडांनी बघायची.

अजून एक आकडा, आणि हा मला फार बोलका वाटतो. रेल्वेच्या किती जमिनीवर अतिक्रमण आहे? संसदेतल्याच काही वर्षांपूर्वीच्या उत्तरांप्रमाणे ७८० हेक्टरच्या आसपास होतं. म्हणजे रिकामी ६२ हजार, अतिक्रमणाखाली तेव्हा आठशेच्या आत. आणि स्टेशनच्या जागेवर चर्चा सुरू झाली की पहिलं वाक्य काय येतं? 'झोपड्यांमुळे विकास अडलाय.' आता बोला.

बरं, आपल्याकडे 'रिकाम्या' जागेत असतं काय? सकाळी चहाची टपरी, रिक्षावाल्यांची रांग, पार्सलवाल्यांच्या हातगाड्या. दुपारी सावलीत झोपलेला माणूस, ज्याची गाडी चार तास उशिरा आहे. भरतीच्या दिवसांत तर बघायलाच नको, पोलीस भरतीला आलेली पोरं बॅग उशाला घेऊन रात्र काढतात. लॉजचे पैसे नसतात, पहाटे ग्राउंडवर धावायचं असतं. नकाशावर यातलं काहीच नसतं. नकाशावर फक्त एक चौकोन असतो.

आणि चंद्रपूरला आणखी एक रहिवासी असतो, तो पुण्या-मुंबईच्या स्टेशनमागं नसतो. ऐकणाऱ्यांपैकी जे चांद्याचे आहेत ते हसले असतील. शहराच्या कडेला जी झुडपी जागा वाढते, कोळसा खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांवर, वीज केंद्राच्या आवारात, रुळांच्या बाजूला, ती वाघ-बिबट्यांच्या हिशोबात रिकामी नसतेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं. लगोलग दुर्गापूर भागात बिबट्यानं एका पोराला नेलं. दोन्ही ठिकाणं जंगलात नाहीत, शहराला लागून आहेत. तेव्हा झुडपं साफ करा ही मागणी जोरात झाली, आणि ती चुकीची नव्हती. पण उलटी बाजू पण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावर जुनोन्याजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले. तीन. म्हणजे आपल्या भागात रेल्वेची जागा साफ करायची की राखायची हे नागपूरच्या ऑफिसात बसून एका नियमानं ठरत नाही. गावातली झुडपं काढावीच लागतील, आणि गावाबाहेरची पट्टी जनावरांच्या वाटेसाठी सोडावीच लागेल. कागदावर दोन्ही जागांचं नाव एकच असतं, 'रिक्त भूमी'.

आता थोडं मुंबईला जाऊन येऊ. का, ते कळेल.

गिरणगाव. परळ, लोअर परळ, करी रोड, एल्फिन्स्टन. स्टेशनांच्या अंगालाच गिरण्या होत्या. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यात सुमारे ६०० एकर जमीन पडून राहिली. १९९१ मध्ये एक नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा. त्याचा ढोबळ अर्थ असा: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाकडे. ऐकायला बरं वाटतं ना? २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणीचं तत्त्व कोणी काढून टाकलं नाही. फक्त 'मोकळी जमीन' म्हणजे काय, ते बदललं. गिरणीच्या शेड पाडल्यावर जी जागा मोकळी होते ती यात धरायची नाही, आधीपासून जी मोकळी होती तेवढीच धरायची. आता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळं असणार किती? महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला येणारी जमीन एकदम आटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००६ मध्ये न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. एका शब्दाची व्याख्या, आणि शहराची बाग, कामगाराचं घर, दोन्ही गेलं.

त्या जमिनीवर मग काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ऑफिसं आली, मॉल आले, रोज लाखो माणसं त्याच दोन-तीन स्टेशनांवर उतरू लागली. फलाट तेवढेच. जिने तेवढेच. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, सकाळची वेळ, अचानक पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड-परळच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. नंतर लष्करानं येऊन नवा पूल बांधून दिला, स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. पण स्टेशनजवळच्या जमिनीतून जो पैसा उभा राहिला त्यातला किती स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोहोचला होता? हा प्रश्न मी अजून कोणाला नीट विचारताना ऐकला नाही.

मुंबई लांब वाटत असेल तर बल्लारशाह घ्या. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोघांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. भिंतीवर वाघ, हरणं, जंगल, इतकं देखणं काम की गाडी थांबली की लोक खाली उतरून फोटो काढतात. आपल्याच भागातल्या कलाकारांनी रंगवलंय ते, अभिमान वाटतो. आणि त्याच बल्लारशाहला २७ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला, लोक थेट रुळांवर पडले, एका बाईंचा जीव गेला, दहाच्या वर जखमी. भिंत रंगवायला पैसा आणि उत्साह दोन्ही सापडतात. पुलाच्या स्लॅबला खालून कोण बघतो?

आता कोणी म्हणेल, तू फक्त वाईटच सांगतोयस, हे नीट जमलंय कुठं? जमलंय ना. हाँगकाँगची मेट्रो कंपनी घ्या. नवी लाईन टाकताना तिला स्टेशनवरचे आणि आजूबाजूचे बांधकामाचे हक्क मिळतात, आणि त्याची किंमत धरली जाते गाडी येण्याआधीच्या भावानं. गाडी आली की भाव वाढतो. ती वाढ बाहेरच्या कोणाच्या खिशात न जाता बरीचशी रेल्वेच्याच कामाला लागते. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबई बघा. तिथल्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोनं उचलला, बाकीचा रेल्वेनं. सिडको तो उचलू शकली, कारण जमीन तिच्या ताब्यात होती आणि स्टेशन आलं की आजूबाजूचे प्लॉट विकून पैसा येणार होता. वाशी, नेरूळ, बेलापूर, स्टेशनच्या डोक्यावरच ऑफिसं आहेत. दिसायला फार देखणं नसेल, पण हिशोब साफ आहे: स्टेशनमुळे जमीन महागली, तर महागलेल्या जमिनीनं स्टेशनचा खर्च द्यावा.

मग हेच चंद्रपूरला करा की! इथं मी थोडा ब्रेक लावतो. हाँगकाँगला जागेचा भाव जो आहे तो चांद्याला नाही, आणि होऊ पण नये. आपल्याकडे स्टेशनमागं सात मजली मॉल बांधला तर दोन मजले भरतील, बाकीचे गाळे 'भाड्याने देणे आहे'च्या पाटीखाली धूळ खातील. अशी संकुलं विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याला सापडतात, नावं घेत नाही, तुमच्या गावचं तुम्हाला आठवलंच असेल. छोट्या शहरात स्टेशनजवळच्या जमिनीचं मोल गाळ्यांच्या भाड्यात कमी आणि लोकांचा वेळ वाचण्यात जास्त असतं. पण वाचलेल्या वेळाचं टेंडर निघत नाही, ही अडचण आहे.

जवळचं भांडण बघायचं तर नागपूरचं अजनी. स्टेशनला लागून रेल्वेची जुनी वसाहत, आणि तिच्यात इतकी झाडं की लोक त्याला अजनी वन म्हणतात. तिथं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडून रेल्वे, बस, मेट्रो एकत्र आणणारं भलंमोठं स्थानक प्रस्तावित झालं. त्यासाठी हजारो झाडं जाणार होती. २०२१ मध्ये नागपूरकर रस्त्यावर आले, पोरंपोरी झाडांना मिठ्या मारत उभी राहिली, मामला कोर्टात गेला. मूळ आराखडा त्या रूपात पुढं गेला नाही. ११ डिसेंबर २०२२ ला अजनी स्टेशनच्या पुनर्विकासाचं जे भूमिपूजन झालं ते सुमारे ३६० कोटींचं होतं आणि नागपूर स्टेशनचं ५९० कोटींचं. मला अजनीत आवडतं ते हे की लोक स्टेशनच्या विरोधात नव्हते. स्टेशन हवंच होतं सगळ्यांना. लोकांनी 'रिकामी जागा' या शब्दाला हरकत घेतली. इथं झाडं आहेत, घरटी आहेत, सकाळी फिरणारी म्हातारी माणसं आहेत, नागपूरच्या मे महिन्यात ही सावली आहे. सावलीची किंमत चांद्याच्या माणसाला वेगळी सांगायला नको.

आता आपलं चंद्रपूर. एका शहरात दोन स्टेशनं का? कारण दोन वेगवेगळ्या रेल्वे. चंद्रपूर स्टेशन वर्धा-बल्लारशाह मुख्य लाईनवर, मध्य रेल्वेचं. ही लाईन पुढं काझीपेठला १९२९ मध्ये जोडली गेली आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता झाला. चांदा फोर्ट हे गोंदियाच्या लाईनवर, पूर्वीची छोटी गाडी, १९९० च्या दशकात तिची मोठी लाईन झाली. ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, मुख्यालय बिलासपूर. गंमत म्हणजे दोन्हींच्या विभागाचं नाव नागपूरच. दोन नागपूर विभाग, दोन साहेब, दोन आराखडे, आणि मध्ये आपण, बॅग घेऊन रिक्षात.

शहराच्या बाजूनं बोलणारं कोण होतं? महापालिका २०११ मध्ये झाली. २०१७ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासक. स्टेशनांचे हे सगळे निर्णय नेमके त्याच काळात आले. म्हणजे रेल्वेला 'साहेब, दोन स्टेशनांमधला रस्ता पण यात घ्या' असं सभागृहात उभं राहून म्हणणारा नगरसेवकच नव्हता. आमदार, खासदार आहेत, ते बोलतातही. पण स्टेशनसमोर गटार कुठं तुंबतं ते वॉर्डातल्या माणसाला जास्त माहीत असतं.

मला विचाराल तर चंद्रपूरच्या स्टेशनाजवळच्या जागेत पहिली गोष्ट मॉल नको, निवारा हवा. स्वस्त, स्वच्छ, रात्रीपुरता. भरतीची पोरं, परीक्षेला आलेल्या मुली, दवाखान्यात दाखवायला गडचिरोलीकडून आलेली म्हातारी आणि तिच्यासोबतचा नातू, यांना एक रात्र झोपायला आणि सकाळी आंघोळ करायला जागा. खाली अभ्यासिका काढा, जुन्या क्वार्टर्सच दुरुस्त करून होईल ते. दुसरं, दोन स्टेशनं आणि एसटी स्टँड यांच्यात ठरलेल्या वेळांची छोटी बस, गाडीच्या वेळेला धरून. ताडोब्याचे पर्यटक बहुतेक नागपूरला उतरून कारनं थेट जंगलात जातात, चंद्रपूर शहराला त्यातून काय मिळतं? स्टेशनाबाहेर गोंडराजांचा परकोट, जटपुरा गेट, अंचलेश्वर मंदिर दाखवणारी एक व्यवस्था असती तर दहातला एक तरी थांबला असता.

आणि झाडं. कृपा करून झाडं. आपण ४६-४७ डिग्रीत राहतो आणि स्टेशनासमोर पेव्हर ब्लॉकचं मैदान करतो. त्या मैदानावर मे महिन्यात दुपारी दोनला अनवाणी उभं राहून बघावं एकदा डिझाइन करणाऱ्यानं.

पण या सगळ्यात मला खरी काळजी, किंवा खरी आशा म्हणा, वडशाची वाटते.

२०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२. एवढ्या माणसांना मिळून वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन एकच, वडसा, तेही जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. सिरोंच्याचा माणूस वडशाला येईपर्यंत त्याचा दिवस जातो, म्हणून तो तेलंगणात मंचेरियलला जाऊन गाडी धरतो. अशा जिल्ह्यात स्टेशनजवळच्या जागेचं वजन मुंबईपेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. उलट जास्त आहे.

वडशाला काय काय येतं बघा. दिवाळी झाली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत. नाटक कंपन्यांची ऑफिसं याच गावात. शंकरपट असला की त्या रात्री गावात नाटक, आणि त्याचं बुकिंग वडशाहून. नागपूर-मुंबईकडचे कलाकार गाडीनं इथं उतरतात, गावोगावी जातात, रात्रभर प्रयोग, सकाळी परत. करोडोंची उलाढाल होते असं सगळेच म्हणतात. मी आकडा सांगत नाही, पण गर्दी डोळ्यांनी बघितलीय. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि या नाट्यनगरीच्या स्टेशनबाहेर नाटकवाल्यांना सामान ठेवायला, तालमीला, चार माणसांना बसायला हक्काची जागा असावी, असं कुठल्या आराखड्यात तुम्ही वाचलंय का?

दुसरी गोष्ट जंगलाच्या मालाची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये गावानं स्वतः बांबू विकला, हे शाळेच्या पुस्तकात यावं असं प्रकरण आहे. त्यानंतर शेकडो ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकायला लागल्या. माल गावाचा, लिलाव गावाचा. पण साठवायला पक्कं गोदाम नसेल तर भाव व्यापारी ठरवतो, कारण पाऊस आला की पानं काळी पडतात आणि ही गोष्ट व्यापाऱ्याला बरोबर माहीत असते. रेल्वेच्या गुड्स शेडलगत ग्रामसभांना भाड्यानं गोदाम मिळालं तर ती महिनाभर थांबू शकते. थांबता येणं हीच व्यापारातली ताकद. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये मालवाहतुकीच्या टर्मिनलसाठी रेल्वेच्या जमिनीचं भाडं बाजारभावाच्या ६ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणलं, मुदत ३५ वर्षांपर्यंत. ही सवलत मोठ्या कंपन्यांना कळते, त्यांच्याकडे माणसं असतात. ग्रामसभांच्या महासंघानं ती मागितली तर? नियमातल्या 'टर्मिनल' या शब्दात त्यांचं गोदाम बसतं का, हे कोणीतरी विचारून बघायला हवं. इतिहासात उलटंच झालंय. आपल्याकडचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला, सागवान बल्लारशाहच्या डेपोतून देशभर गेलं, अगदी मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी पण इथूनच लाकूड गेलं. माल गेला, गाडीत बसून गेला. गावात काय उरलं ते गावानं बघावं.

आणि आता वडशाहून गडचिरोलीला नवी लाईन, साधारण ५२ किलोमीटर. दहा वर्षांहून जास्त काळ आपण तिचं नाव ऐकतोय. जंगलाची परवानगी, जमीन, वाढलेला खर्च, सगळं झालं. जिल्हा १९८२ मध्ये झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी अजून यायची आहे. लाईन होणार, म्हणजे स्टेशन होणार, आणि स्टेशन होणार म्हटल्याबरोबर आजूबाजूच्या शेतांचे सौदे सुरू होतात. शेतकऱ्याला वाटतं, बरा भाव मिळाला. तीन वर्षांनी त्याच धुऱ्यावर प्लॉटची पाटी लागते आणि मग कळतं बरा भाव कोणाला मिळाला ते. नवी मुंबईत जमीन आधी सार्वजनिक होती म्हणून वाढलेल्या भावातून रेल्वे झाली. गडचिरोलीत रेल्वे सरकारच्या पैशानं होईल आणि वाढलेला भाव ज्यानं आधी सातबारा गोळा केले त्याचा. हे थांबवायची वेळ गाडी आल्यावर नसते, आत्ता असते, स्टेशनची हद्द कागदावर पेन्सिलनं असते तेव्हा.

जे आधीपासून राहतात त्यांचं काय, हेही बोलायलाच हवं. डिसेंबर २०२१ मध्ये सुरतच्या रेल्वे जमिनीवरच्या सुमारे ५ हजार झोपड्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जागा खाली करायला मान्यता दिली. पाडलेल्या घरामागं महिना २ हजार रुपये, तेही जास्तीत जास्त सहा महिने. १२ हजारांत संसार उचलायचा. त्यानंतर वर्षभरानं, ५ जानेवारी २०२३ ला, उत्तराखंडमधल्या हल्द्वानीत चार हजारांवर कुटुंबांना हटवण्याच्या आदेशाला त्याच न्यायालयानं स्थगिती दिली, आधी पुनर्वसनाचा विचार करा म्हणून. दोन निकाल, दोन वाटा. चंद्रपूर-बल्लारपुरात रेल्वेच्या कडेनं राहणाऱ्यांत हमाल आहेत, खाणीतले कंत्राटी मजूर आहेत, स्टेशन झाडणाऱ्या मावश्या आहेत. स्टेशन चालवणारी माणसं स्टेशनपासून वीस किलोमीटर लांब नेऊन टाकली तर सकाळची पाचची गाडी धुणार कोण?

शेवटी कामाचं सांगतो, हे लिहून घ्या. अमृत भारतमधल्या स्टेशनांचा एक दीर्घकालीन मास्टर प्लॅन करायचा असतो, योजनेतच तसं लिहिलंय. म्हणजे आपल्या स्टेशनांचाही तो कुठल्या तरी कपाटात असायला हवा. माहिती अधिकाराचा अर्ज फोनवरून होतो, केंद्राच्या पोर्टलवर, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीन गोष्टी मागा. स्टेशनचा मास्टर प्लॅन आणि जमिनीचा नकाशा. आरएलडीएकडे सोपवलेल्या जागांची यादी. आणि त्या यादीत 'रिक्त' ठरवताना जागेची पाहणी कोणी, कोणत्या तारखेला केली, त्याचा अहवाल. चंद्रपूर आणि बल्लारशाहसाठी अर्ज मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाला, चांदा फोर्ट आणि वडशासाठी दक्षिण पूर्व मध्यच्या नागपूर विभागाला. उलटसुलट करू नका, नाहीतर महिना नुसता अर्ज इकडून तिकडे जाण्यात जाईल. गावाचा विकास आराखडा वेगळा, तो पालिकेचा. त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर येते, बारीक अक्षरात.

मी चंद्रपूरचा अर्ज टाकतोय. वडसा, नागभीड, मूल, बल्लारपूरवाले कोणी ऐकत असतील तर आपापल्या स्टेशनमागच्या जागेचे फोटो काढून पाठवा. सकाळी सातचा एक, दुपारी दोनचा एक, रात्री अकराचा एक, जागा तीच. पुढच्या भागात ते फोटो आणि नकाशावरचा तो चौकोन शेजारी-शेजारी ठेवू.